पाहुण्यानं मागितलेला चमचा

सापुआन बिन कासवादी उत्तम लाक्सा, म्हणजे माशाच्या दाट रश्शातल्या शेवया, करतात, हे मलेशियातल्या बातू पहात गावात कुणाला कुणाकडून ऐकावं लागत नसे. ते स्वतःच सांगत. बसच्या थांब्यावर सांगत, मशिदीच्या पायरीवर चपला शोधताना सांगत, न्हाव्याच्या खुर्चीत गळ्यावर वस्तरा असतानाही सांगत. खोबरं किती भाजावं हा भाग आला की त्यांचा कंठमणी वरखाली होई आणि न्हावी बिचारा वस्तरा हवेत धरून खोबरं भाजून होण्याची वाट बघे.

पोटापाण्यासाठी ते पाणीपुरवठा खात्यात कारकून होते. नळाला पाणी येत नाही म्हणून माणूस तक्रार घेऊन येई. तक्रारीचं जे व्हायचं ते होई, पण लाक्साची कृती मात्र त्याला अथपासून इतिपर्यंत मिळे. येताना तहान घेऊन आलेला माणूस जाताना भूकही घेऊन जाई.

यातली गंमत अशी की सापुआनांचे आजोबा जावाहून आलेले, नारळाच्या बागांतून चर खणायला. आजी मरेपर्यंत जावाच्या बोलीत भांडली. पण जोहोरच्या, म्हणजे आपल्या या दक्षिणेकडच्या राज्याच्या, लाक्साचा अभिमान नातवात असा भरलेला, की सुलतानांच्या मुदपाकखान्यात यांचेच पूर्वज मासे साफ करत होते असं ऐकणाऱ्याला वाटावं. फार पूर्वी आपले एक सुलतान इटलीला गेले, तिथली स्पॅगेटी त्यांच्या जिभेला लागली, आणि म्हणून जोहोरच्या लाक्सात तांदळाच्या शेवया नसतात, स्पॅगेटी असते, असं सगळेच सांगतात. खरंखोटं कोण जाणे. सापुआन सांगत तेव्हा मात्र बोटीवरून सुलतानांची पेटी उतरवायला हेच बंदरावर हजर होते की काय असा भास होई.

पण माणूस नुसता तोंडाचा नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. ईदच्या दोन दिवस आधी ते पहाटे बंदरावर जात आणि करली आणत. करली म्हणजे काट्यांचं पोतं. ती उकडून, एकेक काटा काढून, मांस वाटून घ्यायचं. खोबरं खवून मंद आचेवर हलवत बसायचं. तांबूस झालं की खलबत्त्यात घालून त्याला तेल सुटेपर्यंत कुटायचं. कुलिंजन, गवती चहा, सुकी कोळंबी, मसाला, नारळाचं दूध, आणि हा सगळा रस्सा इतका आटवायचा की पळी त्यात उभी राहावी. राहिली नाही तर सापुआन पळीवर रागवत. बायको तुमिराह हिला त्या दोन दिवसांत स्वयंपाकघरात काकडी चिरणे आणि मुळ्याचं लोणचं पिळणे एवढेच अधिकार होते.

आणि मग वाढणं. उकडलेली स्पॅगेटी ते बोटांवर गुंडाळून तिचे छोटे छोटे वेटोळे करत, ताटात मांडत, वर रस्सा, काकडी, कांदा, पुदिना, मुगाचे मोड, लिंबाची फोड. आणि खायचं हातानं. इथे सापुआनांचा आवाज खाली येई, मशिदीत आल्यासारखा. काटाचमचा पुढे केला तर त्यांच्या चेहऱ्यावर अशी कळा येई, जशी कुणी चपला घालून नमाजाला उभं राहिल्यावर यावी.

"पाच बोटं कशाला दिलीत?" ते विचारत.

"पाणीपुरवठ्याच्या अर्जावर अंगठा उठवायला," शेजारचा जिमुन म्हणे. जिमुन त्यांचा शाळेपासूनचा मित्र. लाक्सा खायला पहिला आणि थट्टा करायलाही पहिला.

या जोडप्याला मुलगी एकच, रोझनिता. बापाचं नाक आणि आईचं मौन घेऊन आलेली. शिकून शिक्षिका झाली, आणि अध्यापक कॉलेजात तिला शुक्री नावाचा मुलगा भेटला. मुलगा पार उत्तरेकडचा, कुआला पर्लिसचा. म्हणजे देशाचं हे टोक आपलं आणि ते टोक त्यांचं. सापुआनांची चुलत बहीण पाइनाह हिची एक सून त्याच गावची, तेव्हा मध्यस्थी आपसूक तिच्याकडे आली. पाइनाह वयानं मोठी, सारं गाव तिला माक लाँग, म्हणजे थोरली मावशी, म्हणे, आणि बोलायला लागली की तिला थांबवायला बांग व्हावी लागे.

"मुलगा चांगला आहे वान," तिनं सापुआनांना सांगितलं. जवळची माणसं त्यांना वान म्हणत. "बाप लांगकावीच्या फेरीबोटीवर तांडेल होता. आता घरीच असतो. हाजी आहेत. कमी बोलतात."

"लाक्सा कसला खातात?" सापुआनांनी विचारलं.

"मी तुला मुलाचं सांगतेय."

"मी घराचं विचारतोय."

"तिकडचा खातात. तांदळाच्या शेवया, बांगड्याचा पातळ रस्सा, वाडग्यात."

"पातळ," सापुआन म्हणाले, आणि डॉक्टरनं रोगाचं नाव ऐकावं तशी मान हलवली. तरी त्यांनी होकार दिला. मुलीचा चेहरा त्यांना दिसत होता. त्या आठवड्यात ती घरात गुणगुणत फिरत होती, आणि रोझनिता गुणगुणते हे तोवर घरात कुणालाच माहीत नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या ऑगस्टातली ती गोष्ट. मागणी घालायला मुलाचे आईबाप बसनं आले. रीतीप्रमाणे मुलगा आला नाही. सापुआनांनी तीन दिवस रजा टाकून लाक्सा केला होता. इतका चांगला पुढे कधी जमला नाही, असं जिमुन अजून सांगतो.

मुलाचे वडील चे नोह, उंच, उन्हानं काळवंडलेले, मखमली टोपी नीट बसवलेली. त्यांनी सलामाला दोन्ही हात पुढे केले, डावा खाली आणि उजवा वर. सापुआनांनी ते हात आपल्या हातांत घेतले, आणि उजवा त्यांना ओल्या रुमालासारखा लागला. पकड म्हणून नाही. उत्तरेकडच्यांचं हे असंच, त्यांनी मनात म्हटलं, हातसुद्धा हातचा राखून देतात.

बायका आत गेल्या. चे नोहंच्या बायकोनं दारात एकदा मागे वळून पाहिलं, पण पाइनाहनं तिचा दंड धरून तिला ओढून नेलं, कारण पाइनाहला बांग व्हायच्या आत बरंच बोलायचं होतं. बाहेर चटईवर पुरुष बसले: सापुआन, जिमुन, मशिदीचे दोघे वडीलधारे आणि चे नोह.

"वाटेत त्रास नाही ना झाला, तुआन हाजी?" सापुआनांनी विचारलं.

"बसमध्ये बसायचं आणि झोपायचं. त्रास झाला असेल तर ड्रायव्हरला."

जिमुन हसला. त्याला माणूस आवडला.

हात धुवायची पितळी झारी आणि तस्त फिरू लागलं. चे नोहंनी ते हसून पुढे सरकवलं. "मी आत्ताच नळावर धुतले," ते म्हणाले. उजवा हात त्यांच्या मांडीवर, सदऱ्याच्या टोकाखाली होता. कुणाचं लक्ष गेलं नाही. लक्ष जाण्याजोगं एकच काही त्या घरात होतं आणि ते आता आतून येत होतं.

ताटं आली. चे नोहंनी आपल्या ताटातल्या वेटोळ्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"आमच्याकडे लाक्सा पोहत असतो," ते म्हणाले. "तुमचा काठावर चढून ऊन खात बसलाय."

"पोहणारा लाक्सा म्हणजे बुडालेला लाक्सा," सापुआन म्हणाले.

सगळे हसले, चे नोहही. तिथवर सगळं इतकं छान चाललं होतं की पुढची वीस मिनिटं कात्रीनं कापून काढता आली असती तर सापुआनांना आज कदाचित नातवंडं असती.

"पाक सापुआन," चे नोह हळू आवाजात म्हणाले, "एक चमचा मिळेल का?"

जिमुनचा घास हातातच राहिला.

"चमचा," सापुआन म्हणाले.

"घरात असला तर."

"घरात चमचे डझनभर आहेत, तुआन हाजी. पण चमच्यानं औषध घेतात. लाक्सा नाही."

पुन्हा सगळे हसले. सापुआन इथे थांबले असते तर तो विनोद झाला असता. पण समोर उत्तरेचा माणूस, ताटात आयुष्यातला सर्वांत चांगला लाक्सा आणि भोवती ऐकायला चार माणसं. अशा वेळी थांबणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि प्रात्यक्षिक सुरू केलं. आधी लिंबू कसं पिळायचं. मग वेटोळं बोटांच्या टोकांनी कसं मोडायचं, रस्सा कसा आत मुरवायचा, अंगठ्यानं घास कसा ढकलायचा. चे नोह ऐकत होते. त्यांचा उजवा हात जिथे होता तिथेच होता.

"मला चमच्याची सवय आहे," ते मध्ये एकदा म्हणाले.

"सवयी बदलायलाच तर नाती जोडायची असतात."

"अरे वान, दे की चमचा," जिमुन पुटपुटला.

"आज चमचा दिला की उद्या वाडगा मागतील, परवा बांगडा," सापुआन म्हणाले. ते हसत म्हणाले, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

 चे नोहंनी डाव्या हातानं गुलाबी सरबताचा पेला उचलला, दोन घोट घेतले आणि खाली ठेवला.

"माझं पोट भरलंय," ते म्हणाले. "बसमध्ये खाणं झालं होतं. माफ करा."

आता आपल्याकडे समोर आलेलं अन्न न खाता उठायचं झालं तर निदान त्याला बोट लावून उठतात. नाही लावलं तर वाटेत विपरीत घडतं, साप चावतो, बस उलटते. हे सगळे मानतात, आणि मानत नाही असं म्हणणारेही गुपचूप बोट लावतात. चे नोह उठण्याआधी वाकले आणि त्यांनी ताटाच्या कडेला, जिथे रस्सा थोडा ओघळला होता तिथे, बोट टेकवून ओठाला लावलं.

डाव्या हाताचं बोट.

ज्या हातानं माणूस शौचाला पाणी घेतो तो हात.  मशिदीचे दोघे वडीलधारे चटईचं विणकाम बघू लागले. सापुआनांच्या कानशिलाची शीर उडताना जिमुनला दिसली.

पाहुणे गेल्यावर तुमिराहनं ते न खाल्लेलं ताट उचललं. "चमचा दिला असता तर काय झिजला असता?" ती म्हणाली. हे वाक्य तिनं नंतरच्या आठ वर्षांत, मरेपर्यंत, वर्षातून एकदा तरी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सापुआनांनी पाइनाहकडे निरोप दिला, की मुलगी अजून लहान आहे. मुलगी सव्वीस वर्षांची होती. नकार द्यायची ती रीत आहे आणि ऐकणाऱ्याला ती कळते. तिकडूनही काही उत्तर आलं नाही.

आठवडाभरानं रोझनिता त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. त्या वेळी ते खवणी घासत होते.

"अबाह, त्यांना एक पत्र लिहायचं का? रीतीचं. एवढ्या लांबून येऊन गेले म्हणून."

"आधी त्यांना जेवायला शिकू दे," सापुआन म्हणाले. "मग पत्र."

 "बरं," ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर घरात कुणी गुणगुणलं नाही. पुढे तीनचार स्थळं आली. तिनं प्रत्येकाला इतक्या गोड शब्दांत नाही म्हटलं की नकार मिळालेली माणसं ईदेला मिठाई पाठवत. ती मुख्याध्यापिका झाली, मोटार घेतली, बापाला हजला नेऊन आणलं. तिचं वाईट झालं असं कुणी म्हणू शकणार नाही. सापुआन स्वतःला हेच सांगत. एका बाबतीत मात्र त्यांना शंका नव्हती: चूक पर्लिसच्या माणसाची होती. अकरा वर्षं ही शंका नसणं त्यांना फार उपयोगी पडलं.

मग जिमुनच्या नातीचं लग्न निघालं. आदल्या दिवशी सगळी गल्ली कांदे सोलायला जमली होती. सापुआन लाक्सा या विषयावर होते, पाइनाह बाकीच्या सर्व विषयांवर.

"तो चे नोह आठवतो का रे तुला?" ती कांदा चिरता चिरता म्हणाली. "सून सांगत होती, आता फारच खंगलाय. त्या हातापायी माणूस खचला."

"कुठला हात?"

"कुठला म्हणजे? उजवा. बोटीचा दोर सुटून मनगटात अडकला होता ना. शीर गेली आतली. मनगटापासून हात लोंबतो, बोटं उचलत नाहीत. म्हणून तर नोकरी गेली. चमचा अंगठ्यात अडकवून जेवतो बिचारा, आणि तेही घरात. चारचौघांत लपवतो. एवढा तांडेल माणूस, लाज वाटते त्याला." तिनं डोळे पुसले, कांद्यामुळे. "तुला ठाऊक होतं ना?"

सापुआनांनी हातातला कांदा सोलला. सगळा सोलला. पापुद्र्यामागून पापुद्रा काढत गेले आणि शेवटी हातात काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी दुसरा घेतला.

"मला वाटलं तुला ठाऊक आहे," पाइनाह म्हणाली आणि नवरीच्या दागिन्यांकडे वळली.

त्या लग्नात सापुआनांनी लाक्सावर एकही शब्द काढला नाही. लोकांना वाटलं घसा बसलाय.

ओल्या रुमालासारखा हात. पुढे सरकवलेली झारी. सदऱ्याचं टोक. सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, त्यांच्याच घरात, त्यांच्याच चटईवर. एकतीस वर्षं लोकांचे अर्ज वाचणाऱ्या माणसाला समोरचा अर्ज वाचता आला नव्हता.

पुढच्या ईदेला चटईवर, झारीच्या शेजारी, एका पत्र्याच्या डब्यात दोन डझन चमचे उभे केलेले दिसले. गल्लीत बातमी पसरली. कुणी म्हणालं सापुआन उत्तरेला फितूर झाले, कुणी म्हणालं डॉक्टरांनी सांगितलंय.

"हे काय?" जिमुननं डबा वाजवून विचारलं. "पाच बोटांचं काय झालं?"

"ज्याला हवा त्यानं घ्यावा."

"आणि औषध?"

"खा गुपचूप," सापुआन म्हणाले. जिमुननं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून ती एक थट्टा सोडून दिली. बाकीच्या चालू ठेवल्या. मैत्रीला काहीतरी हवंच.

रोझनितानं डब्याकडे पाहिलं, चमचे मोजल्यासारखे केले आणि काही विचारलं नाही.

सापुआनांना तिला सांगायचं होतं. दर ईदेला ते ठरवत. खोबरं भाजताना मनातल्या मनात वाक्यं जुळवत: बेटा, त्या माणसाचा हात. इथवर येत आणि खोबरं करपायला लागे. तुझा संसार मी एका चमच्यापायी मोडला, हे वाक्य कुठल्या क्रियापदानं सुरू करावं ते त्यांना कळत नसे. शिवाय, तिला ठाऊक नाही तर उगाच कशाला जखम उघडायची, असाही एक सोयीचा विचार दारात उभा असे, आणि सापुआन त्याला दरवेळी आत घेऊन चहा देत. अशी तेरा वर्षं गेली. शुक्रीचं लग्न कधीच झालं होतं, त्याला तीन मुलं होती, हे पाइनाहच्या सुनेमार्फत यायचं तसं आलं होतं.

यंदाच्या रमजानात, शेवटच्या आठवड्यात, पाइनाहचा फोन आला. तिचं वय आता पंच्याऐंशी, पण आवाजाचं तिशीच्या पुढे गेलेलं नाही. चे नोह वारले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सापुआन स्वयंपाकघरात खलबत्ता घेऊन बसले. वय शहात्तर, खोबरं आता रोझनिता कुटते, ते बाजूला बसून चुका काढतात. त्या दिवशी ते चुका काढत नव्हते. तिनं दोनदा बत्ता थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

"नीट होतंय का?" तिनं विचारलं.

"होतंय."

"तेल सुटलं नाहीये अजून, अबाह. आणि तुम्ही होतंय म्हणताय."

"रोझनिता, पर्लिसचे ते हाजी वारले."

"हो. माक लाँगनी मलाही फोन केला होता."

बत्ता पुन्हा सुरू झाला. सापुआन चुलीकडे तोंड करून बोलले, कारण चूल काही विचारत नाही.

"त्यांचा उजवा हात अधू होता. म्हणून चमचा मागितला. मला ते कळलं नाही. तेरा वर्षांपूर्वी पाइनाहकडून कळलं, आणि मी तुला सांगितलं नाही."

बत्ता थांबला नाही.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"हात?"

"शुक्रीनं लिहिलं होतं. त्याच आठवड्यात. वडिलांनी कुणाला सांगू नको अशी शपथ घातलीय, तूही सांगू नकोस, असं लिहिलं होतं."

सापुआनांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांची बाई, चष्मा नाकावर घसरलेला, कोपरापर्यंत खोबरं. चोवीस वर्षं.

"म्हणून तू पत्राचं बोलली होतीस."

"हो."

"मला हाताचं सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी बसमध्ये बसलो असतो. पाय धरले असते त्यांचे."

"धरले असते," ती म्हणाली. तिनं बत्ता बाजूला ठेवला आणि ओढणीच्या टोकानं चष्मा पुसला. "पण मला वाटत होतं, अबाह, की हाताचं सांगावं लागू नये. पाहुण्यानं चमचा मागितला. हात धड असो की नसो. मागितला, तर द्यायचा. एवढं तुम्हाला आपलं आपण सुचेल म्हणून मी वाट बघितली. पहिली एकदोन वर्षं बघितली. मग शुक्रीचं लग्न झालं."

तिच्या आवाजात राग नव्हता. शाळेत एखाद्या मुलाला त्याचं गणित कुठल्या पायरीवर चुकलं ते दाखवावं, तसं ती बोलली. तेरा वर्षं सापुआन स्वतःला एकाच खुंटीवर टांगून घेत होते: मला ठाऊक नव्हतं. मुलीनं ती खुंटीच भिंतीतून काढून हातात दिली.

"डबा ठेवलात ना चमच्यांचा," ती म्हणाली, "तेव्हा मला वाटलं, सुचलं. मग लक्षात आलं की कुणीतरी सांगितलं असणार."

तिनं पुन्हा बत्ता उचलला. खोबऱ्याला तेल सुटलं तेव्हा तिनंच ते काढून ठेवलं.

ईदेच्या दिवशी नमाजानंतर गल्ली लोटली. चटया अंथरल्या, झारी फिरली, चमच्यांचा डबा आपल्या जागी होता. चमचा कुणी घेतला नाही. जोहोरची माणसं, घेणार कशाला. जिमुननं तीन ताटं संपवली आणि चौथ्याला पोट नको म्हणतंय पण मन ऐकत नाही असं जाहीर केलं.

गर्दी ओसरल्यावर सापुआन आपलं ताट घेऊन बसले. त्यांनी डब्यातून एक चमचा काढला.

"अरे," जिमुन म्हणाला.

सापुआनांनी वेटोळ्यात चमचा घातला आणि उचलला. स्पॅगेटी दोन्ही बाजूंनी लोंबली, क्षणभर तोल सांभाळून बसली आणि सरळ त्यांच्या नव्या हिरव्या सदऱ्यावर उतरली. त्यांनी दुसऱ्यांदा उचलली. या वेळी ती दाढीपर्यंत पोचली. तिसऱ्यांदा नुसता रस्साच हाती लागला. आयुष्यभर लाक्सा करणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कळत होतं, की त्या दिवशी मुकाट्यानं चमचा दिला असता तरी तेवढ्यानं भागलं नसतं. पाहुण्याची चार माणसांत तरीही फजिती झाली असती. त्याच्यासाठी आणखी काहीतरी करावं लागलं असतं, आणि ते काय, याचा विचार करायला त्यांनी चोवीस वर्षांत एक मिनिट दिलं नव्हतं.

ते उठले. स्वयंपाकघरातून पुदिन्याची कात्री घेऊन आले आणि ताटातल्या वेटोळ्यांवर चालवू लागले. इकडून एकदा, तिकडून एकदा. जिमुननं डोळ्यांवर हात घेतला, समोर कुणी बकऱ्याऐवजी मांजर कापतंय तसा. लांब लांब धागे तुटून बोटाच्या पेराएवढे झाले. त्यांनी त्यावर रस्सा जरा सढळ ओतला, नीट कालवलं आणि चमचा भरला. घास सरळ तोंडात गेला.

रोझनिता दारात उभी होती. ती आली, चटईवर त्यांच्या शेजारी बसली, डब्यातून एक चमचा काढला आणि त्यांच्याच ताटातून एक घास घेतला.

"खाता येतो," सापुआन म्हणाले.  "चमच्यानं."

"येतो," ती म्हणाली. तिनं त्यांच्या सदऱ्यावरचा एक धागा उचलून ताटाच्या कडेला ठेवला. "इतकं काही अवघड नव्हतं, अबाह."